शेरे

मंगळवारी पहाटे सहाला गठ्ठा येतो.
सुतळी कापली की वर ओस्टर्लो :
हातात खाणीतला दिवा, मागे धुकं,
धुक्यात कुणीतरी, ज्याला पाय नाहीत.
अंक एक हजार नऊशे चौदा.

सदतीस वर्षं हा इन्स्पेक्टर बेचाळिशीचाच आहे.
माझ्या वडिलांनी ही टपरी घेतली
तेव्हा तो त्यांच्याहून मोठा होता.
आता माझ्याहून लहान.

हेर्नेतल्या खाणी कधीच मिटल्या.
मतं मिटली नाहीत.
फ्राऊ डोम्ब्रोव्स्की म्हणतात, शिळ्या कढीला ऊत,
आणि काउंटरवर नेमके सुटे ठेवतात,
घरून मोजून आणलेले.
टीलमानला पक्कं ठाऊक आहे
की एका नावामागे पाच लेखक बसलेत.
दुसऱ्या पानावरच ओळखतो :
"हा तिसरा. हा खुनाआधी सगळ्यांना कॉफी पाजतो."
इल्कनुर रात्रपाळी संपवून येते, डोळे लाल.
तिची भुतांबद्दल तक्रार नाही,
फक्त नर्स एवढ्या किंचाळत नाहीत म्हणते,
त्यांना वेळ नसतो.

आणि एगॉन व्रोब्लेव्स्की.
आठशे मीटर खाली, एकतीस वर्षं.
त्याचं भांडण दिव्याशी.
मेलेला माणूस जवळ आला
की ओस्टर्लोची ज्योत निळी होते, पहिल्या अंकापासून.
"निळी वायूने होते," एगॉन म्हणायचा.
"मेलेल्यांनी काही होत नाही.
तिघे पडले होते माझ्या शेजारी. पिवळीच होती."
मग अंक कोटाच्या आत, घडी न घालता,
आणि एक पोस्टाचं तिकीट, महिन्यातून एकदा.

फेब्रुवारीत तो गेला.
मुलगी केळ्यांच्या खोक्यांतून सगळे अंक घेऊन आली,
म्हणाली, घ्या, नाहीतर रद्दीत.
प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिल.

*२१२. छान. यातला पाऊस आमच्याकडचा आहे.*
*७०३. लोट्टेला मारायचं काही कारण नव्हतं. यापुढे घेणार नाही.*
*७०४. घेतला.*
*११५०. दिवा!!*
*१३८८. इर्मगार्डला वाचून दाखवला. खुनी तिने निम्म्यातच ओळखला.*
*१३८९. एकट्याने वाचला. बरा असावा.*

पन्नास सेंटला एक, असे मी ते बाहेर मांडले.
लोक नेतात, वाचतात, परत आणून ठेवतात.
सातशे तीनवर आता निळ्या शाईत आहे :
*चूक. लोट्टे गळ्यात पडत होती. — डोम्ब्रोव्स्की*
त्याखाली, तिरकं : *हे चौथ्याचं काम. त्याला बायका लिहिता येत नाहीत.*
टीलमान तर तावातावाने आला,
"दोनशे बाराला छान म्हणतोच कसा हा माणूस?"
*म्हणतो.* कुणी दुरुस्त केलं नाही.
तेराशे एकोणनव्वद मात्र
जो नेतो तो काही न लिहिता परत आणतो.
कडा मऊ झाल्यात त्याच्या.

आजचा अंक. पान बावन्न.
कालव्याकाठी कोठार, दार करकरतं,
बुडालेला कामगार उंबऱ्यात उभा, अंगातून पाणी.
ओस्टर्लो दिवा वर धरतो.
ज्योत पिवळी.
सदतीस वर्षांत पहिल्यांदा पिवळी.
तो तिच्याकडे बघत राहतो, आणि मग, पुढल्या ओळीत,
त्या माणसाला बसायला सांगतो.

"छपाईची चूक," फ्राऊ डोम्ब्रोव्स्की.
"सहावा आला," टीलमान, हर्षाने.
इल्कनुरने उभ्याउभ्या ते पान वाचलं,
दोन अंक घेतले, काही बोलली नाही.

मला त्या तिकिटांची आठवण झाली.
कुणाला लिहितोस, मी कधी विचारलं नव्हतं.
त्याच्या खोक्यांत शोधलं : उत्तर एकही नाही.

दुकान बंद करताना एक अंक बाजूला काढला.
पेन्सिलीला टोक केलं.
*१९१४,* लिहिलं,
आणि पुढे काय, ते सुचेना.